करवंटी, जोंधळा आणि बोटभर काथ्या

माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे. लग्न होऊन बार्शीतल्या या घरात आले तेव्हापासून तिथंच. खिडकीबाहेर लहानसं अंगण, त्यात एक अंजीर, जास्वंद, कढीपत्ता आणि आत्यांच्या वेळचं वृंदावन. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. ब्लाउज, फॉल-पिको यांत दिवसाचे सहा-सात तास मी याच खिडकीत असते. त्यामुळे अंगणात कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं.

आत्या होत्या तोवर पाखरांसाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही. मळणीच्या आधी त्या जोंधळ्याच्या भरल्या कणसांची एक जुडी बाजूला काढायच्या आणि ओसरीला टांगायच्या. "हा चिमण्यांचा वाटा," म्हणायच्या, आणि त्या जुडीतला दाणा घरात कुणाला घेऊ द्यायच्या नाहीत. चिमण्या कणसाला लोंबकळत दाणा काढायच्या, खाली भुसा पडायचा, तो झाडायचं काम माझ्याकडं. आता शेत वाट्यानं दिलंय. जोंधळा पोत्यातून येतो, कणीस दिसत नाही. आत्या गेल्यावरच्या पहिल्या सुगीला ओसरीचा तो खिळा रिकामा राहिला, तेव्हा मला फार चुकल्यासारखं झालं. तिथून हा उद्योग सुरू झाला.

सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती आधी सांगते. फेब्रुवारीत मीटरच्या पेटीमागं चिमण्यांचं घरटं चाललं होतं. काडी-काडी आणताना बघून वाटलं, आपल्याकडं एवढे दोरे पडतात, द्यावेत. हातहातभर लांब दोरे मी जास्वंदीवर पसरून ठेवले. त्यांनी ते नेले, आणि मला इतका आनंद झाला! पंधरा दिवसांनी सकाळी फडफड ऐकू आली. एक चिमणी घरट्याखाली उलटी लटकत होती, पायाला दोरा. स्टुलावर चढून तिला मऊ अस्तराच्या तुकड्यात धरलं. मुठीत तिचं काळीज एवढं धडधडत होतं, की माझ्या तळव्याला कळत होतं. पॉलिस्टरच्या दोऱ्याचे तीन वेढे पायात रुतले होते, कात्रीचं टोक आत जाईना. शेवटी सुईनं एकेक वेढा उचलला आणि कापला. सोडल्यावर ती आधी अंजिरावर बसली, मग कौलांवरून उडून गेली. पुढं कितीतरी दिवस मी अंगणात येणाऱ्या प्रत्येक चिमणीचे पाय बघत होते.

तेव्हापासून दोरा, केस, लोकर यांतलं काहीही बाहेर ठेवत नाही. घरट्यासाठी नारळाचा काथ्या देते, तोही बोटाएवढाच कापून. तुमच्याकडं कुणी लोकरीचे तुकडे झाडाला बांधत असेल तर कृपा करून सोडवून टाका.

आता खाण्याचं. फोनवर एक कृती पाहिली होती, तुपात किंवा डालड्यात दाणे मिसळून वडी थापायची. थंड मुलखात ते चालत असेल. आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तूप वितळणार आणि पिसांना लागणार. तेलकट झालेली पिसं पाखराच्या कामाची राहत नाहीत. म्हणून मी ज्वारीची उकड करते. वाटीभर पाणी उकळायचं, त्यात वाटीभर पीठ घालून दणकून वाफ आणायची. मीठ, गूळ, तेल काही नाही. कोमट झाल्यावर मळून त्यात वाटीभर बाजरी, राळा आणि तांदळाची कणी, शिवाय दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घालायचं. शेंगदाणे बिनमिठाचे आणि चांगले हवेत. खवट किंवा बुरशी लागलेला दाणा आपण टाकतो, तसा त्यांच्यासाठीही टाकायचाच, कारण त्या बुरशीचं विष पाखरांना बाधतं. हे सगळं तीन करवंट्यांत दाबून भरायचं आणि दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवायचं. पावसाळ्यात मात्र ही उकड करू नका, दमट हवेत आतून बुरशी धरते. तेव्हा कोरडे दाणे बरे.

करवंटीची कड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. काठाला तीन भोकं टांगायला आणि तळाला एक बारीक, पावसाचं पाणी निघून जायला. टांगायला सुताची जाड सुतळी. नायलॉन नको, पाय अडकल्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. करवंटी भिंतीपासून लांब आणि पुरुषभर उंच असावी, म्हणजे मांजराची झेप पोचत नाही. करवंटीचा आणखी एक फायदा म्हणजे ती डुलते. चिमण्यांना आणि मुनियांना त्याचं काही वाटत नाही, पण पारव्यांना तिच्यावर बसता येत नाही. पारवे एकदा जमले की लहान पाखरांना जागा उरत नाही, आणि त्यांच्या विष्ठेनं माणसांच्या फुप्फुसांना त्रास होतो तो वेगळाच. म्हणून दाणेही मोजून टाकते. सकाळी एक मूठ, दहापर्यंत फस्त. संध्याकाळी उरलं तर उंदरांचं फावतं.

बुलबुलांना पपईची फोड लागते, ती मी अंजिराच्या फांदीला खोचून ठेवते. साळुंक्या सगळंच खातात. शिळा भात, पोळी, फरसाण मात्र मी कुणालाच देत नाही. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. पाण्याचं मातीचं परळ उथळ हवं, मधे एक दगड. रोज काथ्यानं घासून पाणी बदलायचं, साबण लावायचा नाही.

करवंटीकडं ढुंकूनही न बघणारा माझा सगळ्यात आवडता पाहुणा म्हणजे शिंपी, पानं शिवून घरटं करणारा पक्षी. तो किडे खातो. चिमण्याही स्वतः दाणे खातात, पण पिल्लांना बहुतेक अळ्या-किडेच भरवतात. त्यामुळं जास्वंदीवर मावा दिसला तरी मी औषध मारत नाही, फार झालं तर हातानं पुसते. एका वर्षी शिंप्यानं अंजिराचं पान शिवलं. पिल्लं उडून गेल्यावर मी ते हातात घेऊन पाहिलं. आपल्यासारखा सलग टाका नाही. प्रत्येक भोकातून कापसाचा वेगळा तंतू ओवलेला, आणि बाहेरच्या बाजूला त्याचं टोक फुलवून दिलेलं, म्हणून तो निसटत नाही. गाठ नाही. तीस वर्षं शिवतेय, एवढ्या पातळ वस्तूला न फाडता असा टाका मला घालता येणार नाही.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं २०१० मध्ये तो सुरू केला. त्या दिवशी गल्लीतली पोरं माझ्याकडं करवंट्या घेऊन येतात. भोकं मी तापल्या सळईनं पाडून देते, कड घासायचं काम त्यांचं. गेल्या वर्षी वाटेकऱ्यालाही सांगितलं, मळणीआधी एक जुडी ठेवा म्हणून. त्यांनी आठवणीनं आणून दिली, आणि ओसरीच्या खिळ्याला पुन्हा कणसं लागली.

आज तीन करवंट्या उन्हात आहेत. वर पिठाची चाळण पालथी घातलीय, नाहीतर वाळायच्या आधीच साळुंक्या संपवतील. दोघी आत्ताच वृंदावनावर येऊन बसल्यात.