दादाचं लायसन आणि मावशीची चावी

परवा दादाचं लायसन परत मिळालं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, राहतो गोव्यात डिचोलीत, कामाला वेर्ण्याला फॅक्टरीत. तीन महिने सस्पेंड होतं, कारण पिऊन चालवताना दुसऱ्यांदा गावला. पहिल्या वेळी सगळे म्हणाले नशीब खराब, चतुर्थीचे दिवस होते, कोण पीत नाही वगैरे. दुसऱ्या वेळी कोणी काही बोललं नाही.

रात्रीचे साडेअकरा, पोलिसाने नळी पुढे केली, फुंक म्हणाला, दादा आधी हळू फुंकला, परत फुंक म्हणाला, मशीनवर ९२. आपल्याकडे लिमिट ३०, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यात जागच्या जागी चलन भरून सुटता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्यांदा १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडलात तर १५ हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दादा दंडावर सुटला. पैसे मावशीने दिले, ती गोष्ट वेगळी.

आता खरी गंमत. लायसन सस्पेंड म्हणजे तीन महिने गाडीला हात लावायचा नाही. दादाने आठवडाभर बस केली, डिचोलीहून पणजी, पणजीत बदलून वेर्णा, सकाळी पोचायला उशीर आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी यायला बसच नाही. मग नवव्या दिवशी स्कूटर काढली. आतल्या रस्त्याने जायचा, हेल्मेट एकदम पट्टा लावून, कारण हेल्मेट असलं की कोणी अडवत नाही. लायसन होतं तेव्हा हेल्मेट हँडलला लटकायचं! सस्पेंड असताना चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, आणि कोणाला ठोकलं असतं तर इन्शुरन्सवाल्याने भरपाई देऊन ती दादाकडूनच वसूल केली असती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नोकरी गेली तर तू देणार पगार?

त्यावरून मला ते अमेरिकेतलं रिस्ट्रिक्टेड लायसन आठवलं. तिकडे बऱ्याच राज्यांत पुन्हा पुन्हा पिऊन चालवणाऱ्याला काही काळानंतर अर्धंमुर्धं लायसन देतात, काम, दवाखाना, शाळा, कोर्टाने सांगितलेला क्लास, एवढंच, बाकी फिरायचं नाही. आणि गाडीत मशीन, आधी फुंकायचं, दारू निघाली तर गाडी स्टार्टच होत नाही, चालता चालता मध्येच परत फुंकायला लावते, म्हणजे मित्राकडून फुंकून घेऊन निघालात तरी पुढे अडकता. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्यालाही ते मशीन लावलं. ओहायोत तर अशा लोकांच्या गाडीला पिवळी नंबरप्लेट, त्यावर लाल अक्षरं. ती प्लेट लावून डिचोलीच्या बाजारात एक फेरी मारली की १५ हजार दंड परवडला असं वाटेल.

आधी वाचलं तेव्हा मला रागच आलेला. दोनदा सापडला आणि वर त्याला सवलत? २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथे गोव्यात बाणस्तारीच्या पुलावर एका मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला, चालक प्यायलेला होता असं पोलिसांचं म्हणणं, त्यानंतर अशा माणसाला परत स्टिअरिंग द्या असं कुठल्या तोंडाने म्हणायचं. पण दादाचे ते तीन महिने बघितल्यावर वाटतं की आपली शिक्षा कागदावर कडक आहे आणि रस्त्यावर काहीच नाही. त्याच्यापेक्षा कामापुरतं लायसन आणि गाडीत मशीन असतं तर निदान तो शुद्धीत आहे हे रोज सकाळी कळलं असतं.

सकाळी म्हणतोय ते मुद्दाम. लोकांना वाटतं झोपलं की उतरते. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने दारू काढतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. मार्च-एप्रिलात रविवारी हुर्राकची, म्हणजे काजूच्या दारूची बैठक, लिम्का, मीठ, हिरवी मिरची, रात्री बारा वाजता बैठकीतून उठला तेव्हा समजा दीडशे. पहाटे सहाला सहा तास झाले, नव्वद गेले, साठ उरले. म्हणजे अंघोळ करून, देवाला हात जोडून, डबा घेऊन निघालेला माणूस लिमिटच्या दुप्पट! आणि ते मशीन त्याला कामावर सुद्धा जाऊ देणार नाही, जायचंय तर आदल्या रात्री लवकर थांब. हे मला सगळ्यात पटलं.

अर्थात स्कूटरला ते मशीन कसं बसवणार देव जाणे, आपल्याकडे अर्धा गाव दुचाकीवर. आणि आपल्या कायद्यात असलं कामापुरतं लायसन नाहीच, एकतर पूर्ण आहे नाहीतर नाही.

मावशीला मी हे सगळं समजावून सांगितलं, तिने फक्त गाडी स्टार्ट होत नाही एवढंच ऐकलं. आता स्कूटरची चावी रात्री तांदळाच्या डब्यात जाते. पहाटे दादा तयार होऊन आला की ती चूल सोडून उठते, पुढे येते, म्हणते, तोंड उघड. काल सोमवार. दादा पावणेसहाला बसस्टॉपवर उभा होता, कामाचे बूट घालून, हातात डबा. मी दूध आणायला निघालेलो. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.