संत्र्याची साल आणि चॉकलेट: कारंज्याहून नागपूरची एक दिवसाची फेरी

आमची संत्र्याची बाग कारंजा (घाडगे) तालुक्यात आहे. मृग बहाराची तोडणी आटोपल्यावर, आठवीतल्या मुलीला दिलेला शब्द पाळण्यासाठी, मार्चच्या पहिल्या रविवारी मी, ती आणि सासूबाई अशा तिघी नागपूरला गेलो. तिला खरे चॉकलेट जिथे बनते ते धरमपेठेतले दुकान पाहायचे होते.

एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट लागते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत असतो. सासूबाईंसाठी आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे लागले. अमरावती मार्गाने येणाऱ्यांनी धरमपेठेकडे जायचे असेल तर गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत न जाता रविनगर चौकातच उतरावे. आम्ही मात्र तसे केले नाही, कारण चॉकलेट ही दिवसाच्या शेवटी घ्यायची वस्तू आहे. उन्हात ते घेऊन हिंडता येत नाही. त्यामुळे आधी अजब बंगला पाहिला. हे संग्रहालय १८६३ पासूनचे असून सोमवारी बंद असते. तिथून तीनच्या सुमारास ऑटोने धरमपेठेत आलो. ही वेळ सोयीची ठरली, कारण संध्याकाळी त्या भागात कॉलेजच्या मुलांची एवढी गर्दी होते की वयस्कर माणसाला बसायला जागा मिळणे कठीण.

दुकान लहान होते, पण काचेपलीकडे काम चाललेले दिसत होते. तिथल्या मुलीने पातळ केलेले चॉकलेट संगमरवरी फरशीवर ओतून उलथन्याने पसरवले, गोळा केले, पुन्हा पसरवले. विचारल्यावर तिने काम न थांबवता सगळे समजावून सांगितले. कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचे, स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात आणि त्यांतल्या एकाच प्रकाराने चॉकलेटला चकाकी येते व ते कटकन तुटते. त्यासाठी काळे चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवतात, २७-२८ अंशांपर्यंत उतरवतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. सासूबाई हे लक्ष देऊन ऐकत होत्या. संक्रांतीच्या लाडवांचा गुळाचा पाक त्या आजही स्वतःच पाहतात, पाण्यात थेंब टाकून. पाक चुकला की लाडू दाताला चिकटतो किंवा दगड होतो. एका अंशाचे महत्त्व त्यांना कुणी पटवून देण्याची गरज नव्हती.

आम्ही तीन पदार्थ मागवून वाटून खाल्ले: गरम ब्राउनी, थंड मूस (फेटून हलके केलेले मऊ चॉकलेट) आणि संत्र्याच्या पाकवलेल्या सालीवर काळ्या चॉकलेटचा थर दिलेल्या कांड्या. मूस चांगले होते, ब्राउनी जरा जास्त गोड. त्या कांड्यांसाठी मात्र मी पुन्हा नागपूरला जाईन. आमच्या घरी जी साल गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जाते, तिचा कडवटपणा आणि कोकोचा कडवटपणा एकमेकांना धरून राहतात आणि शेवटी जिभेवर संत्रे उरते. सासूबाई म्हणाल्या, ‘कडू हाय, पण तोंडात राह्यते वं.’ त्यांनी दुसरी कांडी घेतली.

तिघींचे ६८० रुपये झाले. आमच्यासारख्या घरासाठी हा खर्च थोडा नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माणशी एक पदार्थ न मागवता साध्या काळ्या चॉकलेटच्या तुकड्यापासून सुरुवात करावी. ब्राउनीत आणि मूसमध्ये पुष्कळदा अंडे असते, काही भरलेल्या चॉकलेटांत मद्यही असते; ज्यांना हे चालत नाही त्यांनी मागवण्यापूर्वीच विचारावे. वेष्टनावरील ७० टक्के म्हणजे कोकोचा भाग. उरलेली बहुतेक साखरच असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी काळे चॉकलेट निर्धोक समजू नये.

मुलीने एक चांगला प्रश्न विचारला: गावच्या दुकानातले चॉकलेट मे महिन्यातही फारसे का वितळत नाही? अशा पुष्कळ स्वस्त चॉकलेटांत कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, जी अधिक उष्णता सोसते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळते. वेष्टनामागची घटकांची यादी वाचली की फरक लगेच कळतो.

परतीचा प्रश्न याच ३४ अंशांचा आहे. आम्ही कांड्यांची पेटी घरून नेलेल्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, डबा वर्तमानपत्रात आणि मग जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि सावलीच्या बाजूच्या आसनावर मांडीवर धरला. ओले फडके आत ठेवू नये. ओलाव्याने साखर वर येऊन चॉकलेट खरखरीत होते. गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, चॉकलेट विकत घेऊन आणण्यापेक्षा तिथेच बसून खावे.

सोबत वयस्कर माणूस असेल तर परत येताना रविनगरला बस पकडू नये. गाडी तिथे भरून येते. ऑटोने गणेशपेठला जाऊन बसस्थानकातूनच चढावे, जागा मिळते. आम्ही साडेआठला घरी पोहोचलो. दोन कांड्यांवर दुसऱ्या दिवशी पांढुरकी झाक आली होती. ती बुरशी नसून वर आलेली कोको बटरची चरबी असते आणि खायला हरकत नसते. सासूबाईंनी त्या दोन्ही स्वतःसाठी ठेवल्या आणि घरच्या संत्र्याच्या साली पाकात टाकून पाहायला घेतल्या आहेत.