यायचं असेल तर येतील
बेट समोर दिसायला लागलं आणि डाव्या बाजूला डॉल्फिनच्या पाठी वर आल्या. कुणीतरी ओरडलं, जवळ घ्या ना बोट! स्किपरने उलट इंजिनच बंद केलं, नुसत्या शिडावर ठेवली बोट आणि म्हणाला, "त्यांना यायचं असेल तर येतील."

हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. डॉल्फिन आवाजावर जगतात हो, क्लिक सोडून प्रतिध्वनीवरून मासे शोधतात, शिट्ट्यांवरून एकमेकांना ओळखतात, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, मग सुट्टीच्या दिवशी एवढ्या बोटी मागे लागल्या की त्यांना काय होत असेल!

थोड्या वेळाने ते खरंच आले, बोटीच्या पुढच्या लाटेवर मजेत पोहत. तेवढ्यात एक स्पीडबोट सरळ त्यांच्यात घुसली आणि सगळे गायब. त्या लोकांना कुणी सांगितलंच नसेल का?