किटफॉक्स १:५, नोंद सहावी: पंख दुमडले

मंडळी, रविवारी रात्री दोन्ही पंख पहिल्यांदाच न अडखळता शेपटीपर्यंत गेले. खऱ्या किटफॉक्स विमानाच्या एक-पंचमांश मापाचं, रेडिओवर उडवायचं हे माझं मॉडेल; पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ साडेसहा फूट, ते १९ इंचांच्या रुंदीत आलं! दिवा मालवायचं सोडून मी किती तरी वेळ पडवीतच बसून होतो.

इतकी विमानं असताना हेच का, असं मागे दोघांनी विचारलं होतं. कारण हे दुमडणंच. अमेरिकेतल्या आयडाहोत डीन विल्सन यांनी १९८३ मध्ये ॲव्हिड फ्लायर आणलं. त्याच घडणीवरून डॅन डेनी यांनी १९८४ मध्ये किटफॉक्स उडवलं आणि डेनी एरोक्राफ्ट या नावाने त्याची किटं विकायला सुरुवात केली. वेल्ड केलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखात ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे स्पार (लांबीभर जाणारे मुख्य दांडे), त्यांना आकार देणाऱ्या प्लायच्या आडव्या रिबा, वरून पॉलिएस्टरचं कापड. जोडायचं ते घेणाऱ्याने. हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड नसलेल्या माणसाने पंख मागे वळवावेत, ट्रेलरवर घालावं आणि विमान घरी न्यावं. विमान घराच्या अंगणात उभं राहू शकतं, हा विचारच मला फार मोठा वाटतो.

पुढे कंपनीचे मालक बदलले. १९९२ मध्ये ती स्कायस्टारकडे गेली. स्कायस्टार बुडाल्यावर २००६ मध्ये जॉन आणि डेब्रा मॅकबीन या जोडप्याने ती उभी केली, होमडेल गावात. पहिल्या मॉडेलचं कमाल वजन ८५० पौंड होतं, चौथ्याच्या एका प्रकाराचं १२०० झालं. पंखाचा छेद बदलला, इंजिनं बदलली, गोल फुगीर नाकाच्या जोडीला गुळगुळीत नाक आलं. पंखाची बिजागरी मात्र कुणी काढली नाही.

आता तिचंच सांगतो, कारण तीन आठवडे तिथेच गेले. पुढच्या स्पारची पिन काढली की पंख मागच्या स्पारच्या पिनेवर फिरतो, आणि त्याच्यासोबत खालचा टेकू म्हणजे स्ट्रटही फिरतो. म्हणजे मागच्या स्पारची पिन आणि स्ट्रटचा पाय एका उभ्या रेषेत हवेत. माझ्या मॉडेलवर स्ट्रटचा पाय ४ मिलिमीटर पुढे लागला होता. पिनेपासून पायापर्यंत उंची २१ सेंटिमीटर, पंख ८७ सेंटिमीटर; तेवढ्याने शेपटीपाशी टोक दीड सेंटिमीटर खाली यायचं आणि स्टॅबिलायझरवर, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखावर, घासायचं. शिवाय पंख अर्ध्यात आला की स्ट्रटच्या पायाची पितळी पट्टी आवळायची. आधी मला वाटलं पिनच जाड आहे, म्हणून उगाच ती घासत बसलो. शेवटी ओळंबा सोडला तेव्हा चूक डोळ्यांना दिसली. पट्टी कापली, नवी झाळली. पिना सायकलच्या स्टेनलेस आऱ्यांच्या केल्यात. साध्या पोलादाला इथल्या खाऱ्या हवेत आठवड्यात गंज धरतो.

नाकाचं काम श्रावणात केलं, ती घाई नडली. होड्यांच्या फायबरचं रेझिन आणि मॅट हर्णै बंदरातून आणलं होतं. दमट हवेत पहिला थर चार दिवस चिकटच राहिला. तो खरवडून टाकला. दसऱ्यानंतर पुन्हा ओतला, रातोरात खणखणीत झाला.

फ्लॅपरॉन म्हणजे हलणाऱ्या पट्ट्या; त्या पंखाच्या मागच्या कडेखाली वेगळ्या लटकतात, युंकर्स या जर्मन कंपनीच्या जुन्या विमानांसारख्या. वेग कमी झाला तरी पंखाखालची स्वच्छ हवा त्यांना मिळते, म्हणून त्या काम करत राहतात. एलेरॉनचं (विमान कलवायचं) आणि फ्लॅपचं (कमी वेगात जास्त उचल द्यायचं) ही दोन्ही कामं त्याच करतात, म्हणून त्या हलवायला दोन सर्वो मोटरी आणि रेडिओवर दोन्ही हुकमांचं मिक्सिंग. दुमडताना सर्वोपासून पट्टीपर्यंतचं लिंकेज आड येतं का, ते अजून बघायचंय.

कव्हरिंग, म्हणजे सांगाड्यावर कापड चढवणं, दिवाळीत. पहिलं उड्डाण कर्दे गावच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा सकाळी लवकर पाणी ओसरलेलं असतं, वाळू घट्ट असते. एकच काळजी: किनारा दक्षिणोत्तर आणि मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, पूर्वेकडून, म्हणजे आडवा. शेपटीचं चाक असलेलं विमान आडव्या वाऱ्यात जमिनीवर गर्रकन फिरू शकतं. म्हणून मतलई पडेपर्यंत थांबेन. विमान रिक्षाच्या मागच्या सीटवर घालून नेणार आहे. माप घेतलंय, बसतं.