पिट्युटरीजवळच्या ऑपरेशननंतर बाळाची लघवी आणि सोडियम: माझा अनुभव

पिट्युटरीजवळ (मेंदूच्या तळाशी असलेली हॉर्मोन ग्रंथी) ऑपरेशन झालेल्या बाळाची लघवी पाण्यासारखी, भराभर व्हायला लागली की व्हासोप्रेसिन, म्हणजे शरीरात पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन, कमी पडतंय, ही शंका आधी घ्यायची. रक्तातलं सोडियम १४५ (mmol/L) च्या वर चढतं, आणि तान्ह्या बाळाला तहान लागली तरी सांगता येत नाही. काही बाळांमध्ये थोड्या दिवसांनी लघवी एकदम कमी होते. ते बरं होणं नसतं: दुखावलेल्या पेशींमधला व्हासोप्रेसिनचा साठा बाहेर पडत असतो, सोडियम झपाट्याने उतरतं, आणि साठा संपला की लघवी पुन्हा वाढते.

ठाण्यात घरी आल्यावर मी किचनचा डिजिटल काटा वापरते. ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. ६ किलोच्या बाळाच्या डायपरमध्ये ३ तासांत ९० ग्रॅम वाढले, तर किलोमागे तासाला ५ मिली. एवढी लघवी सलग राहिली की डॉक्टरांना कळवायचं. शी मिसळली की हिशोब चुकतो, म्हणून वहीत तशी खूण करते. मे महिन्यातल्या उकाड्यात घामावाटे गेलेलं पाणी डायपरमध्ये दिसत नाही, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी बाळाचं उघड्या अंगाने वजनही घेते.

खरी काळजी डेस्मोप्रेसिनची, म्हणजे व्हासोप्रेसिनच्या जागी दिल्या जाणाऱ्या औषधाची. बाळाचं पोट दुधावरच भरतं, म्हणजे पाणी जातच राहतं; औषधाने लघवी अडली की ते साठतं आणि सोडियम १३५ च्या खाली येतं. मग सुस्ती, उलटी, शेवटी आकडी (फिट). म्हणून पुढचा डोस देण्याआधी लघवी मोकळी सुटली का, हे बघायचंच. सुटली नसेल तर आधी डॉक्टरांना फोन, डोस नंतर. नाकातला स्प्रे आणि गोळी एकमेकांच्या जागी मायक्रोग्रॅम जुळवून कधीच देऊ नयेत: पोटातून औषध फार थोडं शोषलं जातं, त्यामुळे गोळीचा आकडा बराच मोठा असतो. गोळीची पूड पाण्यात तळाशी बसते. सिरिंजमध्ये ओढण्याआधी ढवळली नाही तर कधी कमी, कधी दुप्पट जाते.

कॉर्टिसॉल हे दुसरं हॉर्मोनही कमी असेल तर त्याच्या जागी दिलं जाणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर लघवी अचानक वाढू शकते, कारण कॉर्टिसॉलशिवाय शरीर पाणी नीट बाहेर टाकतच नव्हतं. त्या दिवसांत सोडियमची तपासणी लवकर-लवकर करून घ्यायची.

घोडबंदर रोडवर कधी अडकायला होईल सांगता येत नाही, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर निदान, डोस, शेवटचं सोडियम आणि हॉर्मोनच्या डॉक्टरांचा नंबर ठळक लिहून ठेवलाय. त्याखाली त्यांचीच सूचना आहे: सोडियम वर असो वा खाली, २४ तासांत १० पेक्षा जास्त हलवू नये.