आमचा पंक अल्बम झोपेच्या संगीतात जाऊन पडला, त्याची गोष्ट (माझा अनुभव)

लेबल नाही, मॅनेजर नाही, बँडनेच पैसे काढून पहिला अल्बम काढायचाय अशा लोकांसाठी लिहितोय. रेकॉर्डिंगबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, ते मजेत झालं. पंक म्हणजे जोरात, झपाट्याने वाजवलेलं रॉक, त्यामुळे बारा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, बरीचशी एकत्र वाजवून घेतलेली. मिक्सिंग मास्टरिंग पण उरकलं. खरा ताप त्यानंतर, म्हणजे डिस्ट्रिब्युटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर आपल्याला थेट गाणी चढवता येत नाहीत, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. तो फी घेतो किंवा कमाईतला हिस्सा, आपण फाइली, कव्हर, नावं भरून द्यायची आणि तो सगळीकडे पाठवतो. आमचा कुठला ते लिहीत नाही, उगाच वाद नको.

फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न होता, हा आर्टिस्ट स्पॉटिफायवर आधीपासून आहे का? आम्ही 'नाही, नवीन' केलं. आमचं नाव एका शब्दाचं, आणि त्याच नावाने एक माणूस पियानोवर शांत झोप लागावी असलं संगीत करतो. झालं, नाव सारखं म्हणून शुक्रवारी अल्बम लाइव्ह झाला तो थेट त्याच्या पानावर. वर धुक्यातल्या डोंगराचा फोटो, खाली पावसाच्या आवाजाचे ट्रॅक, आणि 'नवीन रिलीज' म्हणून आमचं फाटक्या झेरॉक्सचं कव्हर. आमचा ड्रमर हसून हसून लोळला. मला काही हसू येत नव्हतं.

कारण रिलीज रडार म्हणून दर शुक्रवारी जी प्लेलिस्ट येते तिच्यात तुम्ही फॉलो करता त्या आर्टिस्टची नवी गाणी येतात. म्हणजे आमची पहिली श्रोतामंडळी कोण, तर रात्री दिवा मालवून पियानो लावणारे लोक! एका बाईंनी बँडच्या अकाउंटवर मेसेज केला की बाळ नुकतंच झोपलं होतं, तुम्हाला लाज वाटत नाही का. मी माफी मागितली, काय करणार. तिकडे आकडे बघितले तर बहुतेकांनी पहिल्या काही सेकंदांतच गाणं पुढे ढकललेलं.

डिस्ट्रिब्युटरला लिहिलं. फोन नंबर नाही, फक्त तिकीट, म्हणजे वेबसाइटवर नोंदवायची तक्रार. उत्तर आलं की हे स्टोअरकडून (म्हणजे स्पॉटिफायकडून) झालंय, त्यांच्याशी बोला. स्टोअरकडे विचारलं तर ते म्हणे तुमच्या डिस्ट्रिब्युटरशी बोला. परत इकडे. मग यांनी स्क्रीनशॉट मागितला, दिला. मग यूपीसी (अल्बमचा ओळख क्रमांक) मागितला, जो यांनीच आम्हाला दिलेला, तोही दिला. मग नवीन कोणीतरी त्याच तिकिटावर आलं आणि पुन्हा पहिल्यापासून स्क्रीनशॉट. प्रत्येक मेलच्या शेवटी 'आपल्या संयमाबद्दल आभार'. अरे पण संयम आहे कुणाकडे! मग कळस म्हणजे त्यांनी आमचा आर्टिस्ट आयडी मागितला. आता हा आयडी कधी मिळतो, तर स्वतःचं पान तयार झाल्यावर. पान कधी तयार होणार, तर आयडी दिल्यावर. हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून लिहिलं आणि त्यावर तिकीट 'सॉल्व्ह्ड' म्हणून बंद झालं. दोन दिवस मी गिटारला हात लावला नाही, इतका वैतागलो होतो.

शेवटी सुटलं ते भलत्याच बाजूने. बेसिस्ट म्हणाला त्या पियानोवाल्यालाच लिहू. माणूस इतका सभ्य निघाला की बस, त्यालाही त्याच्या चाहत्यांच्या शिव्या पडत होत्याच. त्याने आपल्या आर्टिस्ट अकाउंटमधून 'हे माझं नाही' असं कळवलं. आम्ही त्याच वेळी डिस्ट्रिब्युटरकडे नवं तिकीट टाकलं, त्यात यूपीसी, सगळ्या गाण्यांचे आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा कोड), चुकीच्या पानाची लिंक आणि एकच मागणी, नवीन पान करून अल्बम तिथे हलवा. जुन्या तिकिटाचा उल्लेखही नाही केला. हललं! तेव्हा आधी आपलं नाव सगळ्या स्टोअरवर शोधा, कोणी असेल तर नावाला एखादा शब्द जोडा, ते सगळ्यात स्वस्त पडतं.

बझकॉक्स या इंग्लंडच्या पंक बँडने १९७७ च्या जानेवारीत उधारीच्या पैशांवर स्वतःची ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली, पहिल्या हजार प्रती छापल्या. त्यांना निदान हा आयडी प्रकार नव्हता.

आता लोकांना अल्बम कसा वाटला ते. योग्य पानावर गेल्यावर खरी मतं यायला लागली. एका रिव्ह्यूत लिहिलं होतं की तिसऱ्या गाण्यापासून आठव्यापर्यंत एकच गाणं चालू आहे असं वाटतं, पण ड्रम्स कडक. ड्रमर तेव्हापासून हवेत आहे. मला ते थोडं लागलं, खोटं कशाला बोलू, पण शोला लोक त्याच मधल्या गाण्यांना सगळ्यात जास्त उड्या मारतात. बेसिस्टचं ठरलेलं, रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा, अमेरिकेच्या चार्टवर १११ नंबरच्या वर गेला नाही आणि गोल्ड (पाच लाख प्रतींचा टप्पा) झाला २०१४ ला. मी म्हटलं बाबा, तोपर्यंत मूळ चौघांतले तिघं गेले होते.

पैशाचं म्हणाल तर स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून वर्षभरात १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा हिशोबच होत नाही. आमचं एक गाणं २६ सेकंदांचं आहे, ते कायम फुकटच वाजणार. आमचं सगळ्यात लाडकं तेच.

अजून एक, राहिलंच होतं. स्पॉटिफायची माणसं स्वतः निवडून बनवतात त्या एडिटोरियल प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, आणि तेही एकच गाणं. त्यामुळे तारीख लांबची ठेवा, महिनाभर तरी. आणि गाण्यांची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत टाकू नका, परत येतात. आमची आलेली. कव्हरवर वेबसाइट नको, चौकोनी ठेवा, ३००० बाय ३००० पिक्सेल. शिव्या असतील तर एक्स्प्लिसिटवर टिक करा. आमच्या बाराच्या बारा गाण्यांवर आहे.