एकाच प्लिंथवर दोन एसपी-१० : मार्क २ आणि १०आर

मागच्या नोंदीत टेक्निक्स एसपी-१० मार्क २ या जुन्या टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) दुरुस्तीचं काम पॉवर सप्लायपाशी थांबलं होतं. ते आता पुरं झालं. सप्लायच्या पेटीतले आणि आतल्या बोर्डांवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, १०५ अंशांचे नवे घातले. संशय आला ते सोल्डरचे जोड पुन्हा तापवून घेतले, व्होल्टेज सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावली, बेअरिंगला ताजं तेल दिलं. आता बटण दाबताच प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) पाव सेकंदात मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग पकडतो आणि स्ट्रोबचे, म्हणजे वेग तपासायच्या दिव्याखालचे, ठिपके जागच्या जागी खिळून राहतात. १९७५ सालच्या या यंत्राचं ते पाव सेकंद बघताना मला आजही भरून येतं.

त्याच सुमारास आमच्यातल्या एका मित्राने त्याची एसपी-१०आर, म्हणजे याच डेकची नवी आवृत्ती, माझ्याकडे ठेवायला दिली. २०१८ मध्ये ती आणताना टेक्निक्सने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मार्क २ आणि मार्क ३ च्या जुन्या प्लिंथमध्ये, म्हणजे डेक बसवायच्या खोक्यात, ती बसेल अशीच तिची मापं ठेवली. म्हणजे तीच प्लिंथ, तोच आर्म, तेच कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), तोच फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग). बदलायची ती फक्त मोटर आणि प्लॅटर. जुनं चांगलं की नवं, या आपल्या जुन्या वादात ही संधी क्वचित मिळते. एरवी एका घरी जुनं डेक एका आर्मसह ऐकायचं, दुसऱ्या घरी नवं भलत्याच कार्ट्रिजसह, आणि निकाल द्यायचा मोटरबद्दल. अशा निकालाला मी फारसं मोल देत नाही.

आधी कागदावरचे आकडे. मार्क २ चा प्लॅटर २.९ किलोचा, टॉर्क (फिरवायची ताकद) ६ किलो-सेंमी, वॉव-फ्लटर (वेगातले बारीक चढउतार) ०.०२५ टक्के. १०आरचा प्लॅटर ७.९ किलोचा : ॲल्युमिनियम, त्यावर पितळेचा जाड थर, खाली रबर आणि कडेने टंगस्टनची वजनं. टॉर्क मात्र ४ किलो-सेंमी, म्हणजे जुन्यापेक्षा कमीच. वॉव-फ्लटर ०.०१५ टक्के.

टॉर्क कमी म्हणजे नवी मोटर दुबळी, असं अनेकजण म्हणतात. हिशेब करून बघा. सुईचा दाब १.८ ग्रॅम आणि घर्षणाचा गुणांक साधारण ०.३ धरला, तर सुई खाचेला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास ओढते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला, साडेचौदा सेंटिमीटरवर, त्याचा टॉर्क होतो जेमतेम ८ ग्रॅम-सेंमी. मार्क २ कडे आहेत ६००० ग्रॅम-सेंमी. सातशे-साडेसातशे पट! सुईची ओढ झेलायला एवढी ताकद लागतच नाही. ती लागते झटकन सुरू व्हायला, झटकन थांबायला, आणि सर्व्होला, म्हणजे वेग सतत मोजून सुधारणाऱ्या सर्किटला, वेग मुठीत ठेवायला. मार्क २ चा बराचसा भर या सर्व्होच्या पकडीवर आहे. वेग हलला की क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांशी ताडून तो लगेच दुरुस्त होतो. पण दुरुस्ती चूक दिसल्यावरच होणार. १०आरचा जड प्लॅटर ती चूक मुळात होऊ देत नाही, सर्व्होला काम कमी उरतं. शिवाय तिच्या मोटरमध्ये कॉइलच्या आत लोखंडी गाभा नाही. कॉइलच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे रोटरचे चुंबक आहेत, त्यामुळे लोखंडी दातावरून चुंबक सरकताना बसणारा बारीक हिसका, म्हणजे कॉगिंग, उरतच नाही.

आता मोजमाप. ३१५० हर्ट्झचा टेस्ट टोन दोन्हींवर वाजवून संगणकात घेतला आणि वारंवारता कशी हलते ते काढलं. दोन्हीकडे सगळ्यात उंच शिखर एकच, ०.५५ हर्ट्झवर, जवळजवळ सारख्याच उंचीचं. एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे हे शिखर थेट फेरीगणिक येणारं, आणि त्याचा मोटरशी काही संबंध नाही. ते आहे तबकडीच्या मधल्या छिद्राचं. छिद्र ०.२ मिलिमीटरने जरी सरकलेलं असलं, आणि सुई केंद्रापासून १०० मिलिमीटरवर असली, तर वेग दर फेरीत ०.२ टक्के वर आणि ०.२ टक्के खाली जातो. वॉव-फ्लटरच्या मोजणीत वेटिंग (कानाला जास्त जाणवणाऱ्या चढउतारांना जास्त वजन) लावल्यावर हा आकडा बराच उतरतो, तरी मार्क २ च्या ०.०२५ च्या वरच राहतो. म्हणजे ०.०२५ आणि ०.०१५ मधल्या फरकावर आपण रात्र-रात्र वाद घालतो, आणि तबकडीचं छिद्र त्याहून मोठा हेलकावा दर फेरीला आणत असतं.

म्हणून पुढचं सगळं ऐकणं मी अशाच तबकड्यांवर केलं, ज्यांचं छिद्र स्पिंडलवर (प्लॅटरच्या मधल्या खुंटीवर) थोडं सैल बसतं. सुई चालू असताना समोरून हेडशेलकडे (आर्मच्या टोकाकडे) बघायचं. ते डावीकडे-उजवीकडे डोलताना स्वच्छ दिसतं. सुई उचलायची, तबकडी बोटाने केसभर सरकवायची, पुन्हा बघायचं. डोलणं थांबलं की लांब ठेवलेला स्वर कानाला एकदम सरळ लागतो. नाकामिचीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० या टर्नटेबलमध्ये हेच काम यंत्राकडून करून घेतलं होतं : वेगळ्या आर्मने शेवटच्या खाचेचं केंद्र शोधायचं आणि प्लॅटर सरकवून तबकडी मध्यावर आणायची. त्यानंतर एवढ्या महागड्या डेकमध्ये हा विचार जवळपास कोणी पुढे नेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते शिखर बाजूला काढल्यावर खरा फरक दिसला. मार्क २ च्या आलेखात काही हर्ट्झपासून वरच्या भागात छोटे उंचवटे आहेत. मोटरचे दात आणि सर्व्हो या दोहोंचा त्यात हात असावा असं मी धरतो. १०आरमध्ये तो भाग जवळपास सपाट. पण कपॅसिटर बदलण्याआधी याच मार्क २ चं मी केलेलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं, तर तेव्हाचे उंचवटे आताच्यापेक्षा ठळक उंच होते. नव्या आणि जुन्यातलं जे अंतर लोक डिझाइनच्या खाती टाकतात, त्यातला मोठा वाटा निव्वळ वयाचा आहे. देखभाल न झालेली मार्क २ ऐकून तिच्याबद्दल मत बनवू नका.

दुसरा मोठा वाटा प्लिंथचा. सुई थांबलेल्या तबकडीवर ठेवून प्लिंथवर बोटाने टिचकी मारून ऐकली. आधीच्या पोकळ खोक्यात लांबलेला 'डुम्म' यायचा. आता बर्च प्लायचे थर चिकटवून केलेल्या प्लिंथमध्ये बारीक, कोरडा 'टक'. मार्क २ ला बासमध्ये फुगवटा आहे असं ऐकत आलो होतो. त्या खोक्याबरोबर तो गेला.

कानाचा निकाल : सोलो पियानोच्या जोरकस सुरावटी सुरू होतात तिथे दोन्ही सारख्याच ठाम. मार्क २ तर किंचित अधिक तडफदार वाटते, आणि मला ती आवडते. स्वर विरत जातो तिथे मात्र १०आर पुढे आहे. पियानोचा शेवटचा सूर, आलापीतला लांब ठेवलेला षड्ज, त्यामागची शांतता तिच्याकडे खोल आहे. मान्य करावंच लागेल. पण तो फरक ऐकायला खोली शांत आणि तबकडी मध्यावर असावी लागते.

डेननच्या डीपी-८० सारख्या यंत्रांची गोष्ट वेगळी. तिथे एसी मोटर आहे आणि प्लॅटरच्या कडेवर नोंदवलेले चुंबकीय स्पंद एक हेड वाचतं, म्हणजे वेग मोजला जातो तो प्लॅटरच्या कडेला. तिची या दोघींशी तुलना करायला प्लिंथच वेगळी करावी लागेल.

जुनं घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी : प्लॅटर फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. तासभर चालू ठेवून वेग टिकतो का बघा, दोन्ही-तिन्ही वेगांवर बघा, आणि सप्लायची मूळ पेटी सोबत आहे ना याची खात्री करा. कपॅसिटर मिळतात, ट्रान्झिस्टरला पर्याय निघतात. त्या काळचे खास आयसी आता बनत नाहीत, ते गेले तर दुसऱ्या मेलेल्या डेकमधूनच काढावे लागतात. नव्याला आज कंपनीचा आधार आहे, ही जमेची बाजू लहान नाही.

१०आर परत जाण्याआधी तिचा सप्लाय प्लिंथपासून कमी-जास्त अंतरावर ठेवून कार्ट्रिजमध्ये गुणगुण येते का ते बघायचं आहे. मार्क २ ची पेटी मी सध्या वेगळ्या फळीवर, कार्ट्रिजच्या विरुद्ध बाजूला ठेवली आहे.